जुन्या गाडीच्या लेदर सीटला पुन्हा रंग: घरी जमतं का?

घाटवाट

मंडळी, गाडी २०१० सालची स्कोडा सुपर्ब, आतून बेज. इंजिनाची तक्रार नाही, पत्रा ठाकठीक, पण कुणी पाहुणा दार उघडायला लागला की नको होतं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, जिथे चढता-उतरता मांडी घासते, तिथला रंग पार गेलाय आणि खालचं करडं, जरा निळसर कातडं उघडं पडलंय. बसायच्या जागेवर बारीक भेगांचं जाळं. हेडरेस्टवर तेलाचा काळपट गोल (बाबा डोक्याला तेल चोपडल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि त्यांना सांगणार कोण?). मागच्या सीटवर जीन्सचा निळा रंग उतरलाय तो वेगळाच.

कुशनवाला म्हणतो, फाडून टाका, नवीन आर्ट लेदर (कृत्रिम कातडं) चढवून देतो. एका डिटेलिंगवाल्याने 'लेदर ट्रीटमेंट' म्हणून काहीतरी चोळून दिलं. घरी येईपर्यंत सीट चकाचक, पंधरवड्यात जैसे थे, आणि मधल्या काळात घाटात प्रत्येक वळणावर मी सीटवरून घसरत होतो.

मूळ कातडं चांगलं जाड आहे, ते फेकवत नाही. कुणी सीटला खरोखर रंग दिलाय का? टिकतो का? आणि मुख्य म्हणजे, पांढऱ्या पँटला लागतो का?

नानापेठी

पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल टाका. डागही झाकतील आणि टोलनाक्यावर लोक साहेबाची गाडी समजतील. विषय संपला.

कुशनवाल्याचा_मुलगा

नानापेठी, अहो, टॉवेल घेऊन आमच्याकडेच येतात लोक, त्याला इलॅस्टिक लावून द्या म्हणून.

घाटवाट, नाशिकला आमचं कुशनचं दुकान आहे. वडिलांनी पद्मिनी आणि अँबेसिडरच्या रेक्झिनपासून सुरुवात केली. तेव्हा हे स्वतःच्या गल्ल्याच्या विरुद्ध बोलतोय असं समजा: कातडं जाड आणि शाबूत असेल तर फाडू नका. आज बाजारात मिळणारं आर्ट लेदर त्याच्या तोडीचं नसतं, आणि कंपनीची शिवण आम्ही कितीही जीव ओतला तरी तशी बसत नाही.

पण आधी ते कातडंच आहे ना, हे बघा. सीट पूर्ण पुढे घ्या, मागून खाली हात घाला. कव्हरची कड तारेच्या रिंगांनी अडकवलेली असते, ती जराशी उलटी करा. आतली बाजू लवदार असेल तर कातडं. विणलेलं कापड किंवा जाळी दिसली तर रेक्झिन, मग ब्रोशरमध्ये त्याचं नाव काहीही छापलेलं असो. मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक ही दोन्ही कृत्रिमच, आणि दोन्ही झिजायला चांगली चिवट. शिवाय 'लेदर सीट'वाल्या बऱ्याच गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग कातड्याचा असतो. सीटची पाठ, बाजू, दाराचे पॅड हे व्हिनाइल. लायटर लावून बघा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. सीट तुमची जळते.

रेक्झिनमध्येही फरक आहे. पीव्हीसीवर, म्हणजे व्हिनाइलवर, रंग धरतो. पण पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) आर्ट लेदरचा वरचा पापुद्रा सुटायला लागला, पोपडे शर्टाला चिकटायला लागले, की तिथे रंग, क्रीम, लांबी सगळं वाया. दमट हवेत तो थर आतूनच मोडत जातो, मुंबई-कोकणात तर लवकरच. तिथे कव्हर बदलणं हाच उपाय, आणि तिथे मात्र मी आमच्या दुकानाची जाहिरात करीन.

घाटवाट

हात घातला. बसायची जागा आणि पाठ लवदार. बाजूच्या पट्ट्यांना मागून जाळी. म्हणजे अर्धं-अर्धं. कड मात्र कातड्याचीच आहे.

रंगरसायन

कोटिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, आधी अंबरनाथ, मग तारापूर. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

तुम्हाला दिसतोय तो निळसर करडेपणा क्रोमचा. गाड्यांचं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. शुल्ट्झ यांचं यासंबंधीचं अमेरिकी पेटंट १८८४ सालचं, म्हणजे ही काही काल-परवाची गोष्ट नाही. कमावून निघालेलं ओलं कातडं फिकट निळं दिसतं, धंद्यात त्याला वेट ब्लूच म्हणतात. त्याच्यावर तुम्ही जो बेज बघत होतात तो वरून बसवलेला थर. खाली बेस कोट, मधे रंगद्रव्य घातलेल्या रेझिनचा कोट, वर पारदर्शक टॉपकोट. तिन्ही मिळून जाडी केसाएवढी. गेलाय तो हा थर. कातडं जिथल्या तिथे आहे.

म्हणून दुकानात जाऊन 'लेदर डाय' मागितलात तर सांभाळून. चपला-बुटांसाठीचा स्पिरिटमधला डाय कातड्यात मुरतो, पण त्याला धरून ठेवणारं रेझिन नसतं. घाम आणि घासणं मिळालं की तो सुटतो, आणि मग पांढऱ्या पँटचं तुम्ही विचारलंत ते होतं. बूट पॉलिशचंही तेच. तुम्हाला हवा आहे पाण्यात मिसळलेला, पिगमेंट आणि रेझिन असलेला रंग. जर्मनीचं कलरलॉक, इंग्लंडचं फर्निचर क्लिनिक हे असले रंग बनवतात. तो नीट बसला आणि वर टॉपकोट झाला की कपड्याला लागत नाही.

कोट कुठे शाबूत आहे आणि कुठे गेलाय ते पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब तसाच उभा राहिला तर ठीक. मुरला आणि तेवढी जागा गडद झाली तर तिथे कोट नाही.

पंचगंगाकाठ

एवढं केमिकल कशाला? आमच्या आजोबांची कोल्हापुरी चप्पल तेल पाजून पाजून वर्षानुवर्षं चालली. कातडं ते कातडं. खोबरेल चोळा, रात्रभर मुरू द्या.

रंगरसायन

दादा, कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात आणि त्याच्यावर रेझिनचा कोट नसतो. तिथे तेल आत जातं, कातडं नरम राहतं, आजोबा बरोबरच होते. सीटवर कोट असल्यामुळे तेल वरच लोळत राहतं. जिथे भेग आहे तिथूनच आत शिरतं, आणि त्या जागी पुढे कुठलाच रंग धरत नाही. तुमचा प्रयोग घाटवाटांच्या बाबांनी हेडरेस्टवर आधीच करून ठेवलाय.

डिटेलिंगवाल्याच्या चकाकीचंही बघा. त्यात सिलिकॉन असेल तर नवा रंग त्याच्यावर थेंब-थेंब होऊन मागे सरतो, खड्ड्यासारखे गोल उमटतात. ते आधी पूर्ण काढावं लागणार.

पंचगंगाकाठ

बाबांचा मुद्दा मान्य. खोबरेल मागे घेतो.

ऋजुता_म

आमच्या अकॉर्डच्या पुढच्या दोन्ही सीट मी घरीच रंगवल्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. त्यावर पावसाळे काढलेत, अजून तरी कड सुटलेली नाही. दुकानदार बाटली विकताना रंग देणं किती सोपं हे सांगतात. ते खरं सोपंच आहे. सगळा जीव त्याच्या आधी जातो.

सुरुवात धुण्यापासून. लेदर क्लीनरचा फेस, मऊ ब्रश, फडक्याने टिपायचं. फडकं तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत हेच. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर नको. क्रोमचं कातडं आम्लाकडे झुकणारं असतं, अल्कली त्याला मानवत नाही. मला जिथे रंग गेलाय असं वाटत होतं त्यातला बराच भाग नुसता मळ निघाला. त्यामुळे रंगाची ऑर्डर धुण्याच्या आधी देऊ नका.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. खिडक्या उघड्या, हातात मोजे. हेडरेस्टला इथे चिकाटी लागते. पुसला, स्वच्छ झाला, दुपारी उन्हात ठेवला आणि संध्याकाळी डाग पुन्हा वर. आत फोमपर्यंत गेलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं. त्याचा उपयोगही करून घेता येतो: हेडरेस्ट काढून उन्हात गरम करायचं, वर कोरडी मुलतानी माती दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी ब्रशने झाडायची, पुन्हा तेच. माती पिवळट, ओलसर निघायची थांबली की बास. एवढं करूनही तेल येतच राहिलं तर त्या एका हेडरेस्टला नवं कव्हर शिवा, उगाच रंग वाया घालवू नका.

त्यानंतर ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर. इथे हात आवरायचा. उरलेल्या रंगाची कड आणि उघडं कातडं यांच्यामधली पायरी बोटाला लागता कामा नये, पण कातड्याचा दाणाही घासून सपाट होऊ द्यायचा नाही. डोळे मिटून बोट फिरवून बघा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. उघड्या जागी जे तंतू उभे राहिलेले असतात ते इथे बसतात.

मग बाइंडर. दुधासारखा पांढरा पातळ द्रव येतो, तो स्पंजने भेगांत मुरवायचा. सुकला की सैल झालेले तंतू घट्ट धरले जातात. हा टप्पा लोक गाळतात आणि मग रंग सोलला म्हणून रंगाला शिव्या देतात.

भेगांना लवचिक फिलर, जुन्या एटीएम कार्डाने ओढून. पातळ थर, सुकवा, घासा, पुन्हा पातळ थर. एकदम भरलात तर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. भिंतीची लांबी किंवा पत्र्याची पुट्टी चालणार नाही, पहिल्यांदा बसलात की तडकेल.

रंगाचा पहिला हात स्पंजने, थापत. तो बघून धीर सोडू नका. पट्टे दिसतात, मधूनमधून करडं डोकावतं, आपण गाडीची वाट लावली असं वाटतं. हेअर ड्रायरने सुकवा, दुसरा हात द्या, तिसऱ्याला अंग भरायला लागतं. शेवटचे हात छोट्या एअरब्रशने दिले तर स्पंजच्या खुणा राहत नाहीत. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात. जाड हात दिला की दाण्यातल्या बारीक रेषा बुजतात आणि सीट प्लास्टिकची वाटते.

वर टॉपकोट, मॅटच घ्या. चकाकी आली की रंगवलंय हे लांबून कळतं. बोटाला तासाभरात सुकलेला वाटतो, पण पक्का व्हायला आठवडा तरी द्या. तोवर जीन्स घालून बसायचं नाही.

रंगरसायन

ऋजुताताई, उत्तम. एक भर घालतो. टॉपकोटात क्रॉसलिंकर (थर आतून घट्ट बांधून टिकाऊ करणारं रसायन) मिसळतात, साधारण शेकडा ५ च्या आसपास, बाटलीवर दिलेलं प्रमाण पाळा. ज्या कडेवर रोज मांडी घासते तिथे तो हवाच, नाहीतर वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. पण तो प्रकार त्वचेला आणि फुप्फुसाला वाईट. फवारणार असाल तर फिल्टरवाला मास्क लावा, कापडी रुमाल बांधून भागत नाही. आणि मिसळलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, लागेल तेवढंच कालवा.

तर्कटी

एवढा उपद्व्याप करून गाडी विकताना किती जास्त मिळणार? चौदा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी, उद्या स्क्रॅपच्या नियमात अडकली की सीटसकट जाईल.

घाटवाट

विकायची कुठे म्हटलं मी?

तर्कटी

मग ठीक. छंदाला हिशेब नाही.

कुशनवाल्याचा_मुलगा

हिशेबाचंच बोलायचं तर, रंगाचा खर्च गाडीवर नसतो, किती पॅनल करायचे त्यावर असतो. झिजते ती ड्रायव्हरची कड आणि त्याची बसायची जागा. बाकी तीन माणसांच्या सीट नुसत्या धुऊन निघतात.

आता जरा गंभीर. तुमच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला 'एअरबॅग' असं लेबल शिवलेलं असेल तर साइड एअरबॅग सीटच्या आत आहे. तिथली शिवण ठरवून कमजोर ठेवलेली असते, फुगा ती फाडून बाहेर येतो. त्या शिवणीवर फिलर नको, आतून ठिगळ नको, उसवली असेल तर घरी नायलॉनच्या दोऱ्याने शिवायची तर अजिबात नाही. त्या बाजूने गुंडाळणारी सीट कव्हरंही याचसाठी वाईट. आम्ही गिऱ्हाईकाला सांगतो, निम्मे ऐकतात.

सीट बाहेर काढून काम करायचा मोह होईल. खाली पिवळे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं थांबल्याशिवाय हात लावू नका, आणि सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग तो घालवायला स्कॅनर शोधत फिरा. घरच्या घरी करणाऱ्याने सीट गाडीतच ठेवावी, दार काढल्यासारखं सताड उघडं राहील अशी जागा बघावी आणि मास्किंग टेप-वर्तमानपत्र लावून काम करावं.

कातडं फाटलेलं असेल तर: चिरेतून आत कापडाचा तुकडा सरकवायचा, चिरेपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा, लवचिक गोंदाने आतून चिकटवायचा, कडा जुळवून दाबून ठेवायच्या, मग फिलर. पण शिवणीच्या ओळीत फाटलं असेल तर हे टिकत नाही. तिथे रोज ताण येतो. तो पॅनल नव्या कातड्याचा कापून शिवा. मुंबईत धारावीत कातड्याचे व्यापारी आहेत, सुटं कातडं मिळतं. जाडी बघून घ्या, पर्सचं कातडं पातळ असतं.

मस्कतकर

आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीत सीटला हात लावता येत नाही. दोन अनुभवाच्या गोष्टी. एक, काचेवर झाकण लावल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच क्रीमने पडत नाही. मागच्या सीटचा वरचा भाग, जो मागच्या काचेखाली येतो, तो सगळ्यात आधी कडक होऊन आक्रसतो. दोन, आक्रसलेल्या कातड्याला रंग देऊन काही होत नाही. दिसायला बरं दिसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात शिवणीशी फाटतं. बोटाने दाबलं तर सुरकुती पडली पाहिजे. पुठ्ठ्यासारखं वाजलं तर रंग विसरा.

श्टुटगार्टकर

रंगाचा नेमका शेड कसा मिळवायचा यावर कुणी लिहिलं नाही. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याजवळ एक स्टिकर असतो, त्यावर बाहेरच्या रंगाबरोबर आतल्या ट्रिमचाही कोड असतो. तो रंग विकणाऱ्याला द्या. पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको, कारण तो कोड कारखान्यातून निघालेल्या सीटचा. आजची सीट उन्हाने पिवळसर झालेली असणार. नमुना म्हणून हेडरेस्ट काढल्यावर त्याच्या दांड्यांपाशी दिसतो तो भाग घ्या, आणि मग ठरवा, नव्या रंगाकडे जायचं की उतरलेल्याकडे.

आणि रंग पॅनलच्या मधेच थांबवू नका. या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत पूर्ण पट्टी. मधे थांबलेला रंग कितीही जुळला तरी तिरप्या उन्हात रेघ दिसते.

ऋजुता_म

+१. आणि ओला रंग बघून ठरवायचं नाही. सुकल्यावर तो बदलतो, बहुतेक वेळा गडद होतो. सीटच्या खाली, दिसत नाही तिथे थेंब लावा, ड्रायरने सुकवा, मग बोला.

घाटवाट

पावसाळा सरल्यावर हात घातला. आधी फक्त ती दाराकडची कड. धुतली, घासली, बाइंडर, थोडा फिलर, रंग. रात्री ट्यूबलाइटखाली इतकी जुळली की बायकोला बोलावून दाखवली. सकाळी उन्हात बघतो तर बाजूच्या पट्टीपेक्षा गुलाबी. टॉपकोट अजून दिलेला नाही. काय करू?

रंगरसायन

टॉपकोट दिला नाहीत हे फार बरं. दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांचं हे नेहमीचं आहे, एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फारकत घेतात. निर्णय नेहमी दिवसा, सावलीतल्या उजेडात. गुलाबी मारायला हिरवा लागतो. किटमध्ये हिरवा नसेल तर पिवळा आणि किंचित काळा. काडीच्या टोकावर येईल एवढाच घाला, ढवळा, नमुना सुकवा, बघा. बाटलीतून थेट ओतलात तर पुढचा आठवडा उलट्या बाजूने दुरुस्त करण्यात जाईल. आणि सगळा रंग एकदम बदलू नका, वाटीभर वेगळा काढून त्यात करा.

घाटवाट

पिवळा आणि काळ्याची काडी, जुळलं. आता दिवसाही बायकोला बोलावता येईल. टॉपकोट मॅट दिला. भेगा पूर्ण गेल्या नाहीत, जवळून दिसतात, पण त्या असू देत, नव्या सीटचा आव आणायचा नाहीये. हेडरेस्ट अजून मुलतानी मातीत आहे आणि बाबांना वाटतंय मी त्याला फेसपॅक लावलाय.

जीन्सचा निळा क्लीनरने निम्मा गेला. उरलेला जात नाही. घासू का?

ऋजुता_म

जास्त घासलंत तर टॉपकोट जाईल आणि निळा तिथेच राहील. तो कोटमध्येच उतरलाय. अल्कोहोलने हलकं पुसून जितका जाईल तितका घालवा, मग त्या पॅनलला रंगाचे पातळ हात आणि टॉपकोट. पुढच्या वेळी ताजा असतानाच ओल्या फडक्याने पुसा, तेव्हा निघतो. नवी गडद जीन्स धुतल्याशिवाय बेज सीटवर बसू देऊ नका, हे घरात सांगणं तुमच्याकडे.

नानापेठी

म्हणून म्हटलं होतं, टॉवेल.

सह्याद्रीसखा

वाखूसा (वाचनखूण साठवली). विषयाला धरूनच विचारतो: स्टिअरिंगचं लेदर याच पद्धतीने होतं का? माझं वरच्या बाजूला गुळगुळीत आणि चिकट झालंय.

रंगरसायन

होतं, पण तिथे हात सतत लागतो, घाम, वर सॅनिटायझर. करोनापासून स्टिअरिंगचे कोट अल्कोहोलने मऊ झालेले बरेच बघितले. चिकट झालाय तो जुना टॉपकोट असेल. तो अल्कोहोलने पूर्ण उतरवा, मग ८०० चा पॉलिशपेपर, रंग अगदी पातळ, आणि टॉपकोटात क्रॉसलिंकर न चुकता. फिलर शक्यतो टाळा, हाताच्या उष्णतेने सुटतो. कडक होईपर्यंत गाडी चालवायची नाही, तेव्हा सुट्टी बघून करा.

सह्याद्रीसखा

आणि बुलेटची सीट?

कुशनवाल्याचा_मुलगा

ती रेक्झिन. घेऊन या, शिवून देतो.